‘खळी’ऐवजी ‘खला’ वाचावे

धर्मा, तुझी खळ नासली.

तू तापानं घरी राहिलास त्याच्या आदल्या दिवशी जर्मनच्या पातेल्यात शिजवून ठेवली होतीस, ती. वर हिरवट बुरशी आली आहे. मी ती टाकून नवी करायला घेतली, तर बुरशी धरू नये म्हणून मोरचूद किती घालायचं तेच मला ठाऊक नाही. ‘चिमूटभर’ म्हणायचास. कुणाची चिमूट? तुझी चिमूट म्हणजे माझे दोन चमचे. पंधरा वर्षं एका खोलीत बसलो आपण, तू फाटके नकाशे मांजरपाटावर चिकटवत होतास, मी त्यांची नोंद करत होतो, आणि एवढी एक गोष्ट मी विचारून ठेवली नाही. विचारायच्या राहिलेल्या गोष्टींत ही सगळ्यांत लहान.

सोमवारी शोकसभा झाली. ग्रंथपालसाहेब मुख्य इमारतीतून मोटारीनं आले. तुझ्या जिवंतपणी ते वर्षातून एकदा यायचे. तुला ‘धर्माजी’ म्हणाले. मग मला म्हणाले, तुम्ही बोला, तुमचा सहवास सर्वांत जास्त. मी उठलो आणि म्हणालो, “धर्मा कामसू होता. वक्तशीर होता.” आणि बसलो. वक्तशीर! भरतीची वेळ पाहून कामावर येणारा माणूस तू. मासळी वर काढून, सायकल हाणत माहुलहून घाटकोपरला येईपर्यंत अकरा वाजायचे, आणि दारातूनच ओरडायचास, “मास्तर, हजेरी मांडा, समुद्रानं थांबवला व्हता!” हे सांगितलं असतं तर माणसं हसली असती. शोकसभेत हसू आलं असतं तर काय बिघडलं असतं? पण मला जे बोलायचं होतं ते दुसरंच होतं, आणि ते सोडून बाकीचं बोलवेना.

ते आता लिहितो. बोलणं मला जमत नाही हे तुला माहीत आहे. लिहिणं जमतं, निदान तसा माझा समज आहे. त्या समजापायीच तर सगळं झालं.

युद्धात बॉम्बच्या भीतीनं विद्यापीठाच्या ग्रंथालयानं आपले नकाशे आणि ॲटलास घाटकोपरच्या या भाड्याच्या बंगल्यात हलवले. तात्पुरते. युद्ध संपलं, इंग्रज गेले, देशाचे दोन तुकडे झाले, आपल्याकडचे सगळे ॲटलास एका रात्रीत जुने झाले, तरी आपल्याला परत न्यायला कुणी आलं नाही. मी दरवर्षी अर्ज लिहायचो: कपाटांना वाळवी, छताला गळती, मोठ्या नकाशांचे खण लागत नाहीत, टेबल अपुरं. उत्तर यायचं, ‘विचाराधीन’. तू म्हणायचास, “मास्तर, आपन म्हंजे त्या जुन्या ॲटलासातला देश. हाय अजून, पन कोन मोजत नाय.”

मला ते लागायचं. मला मोजलं जायला हवं होतं. तुला तसलं काही नव्हतं. तुला खळ चांगली झाली, नकाशाला सुरकुती आली नाही, जेवणात सुका जवला असला, की दिवस झकास.

त्या खळीवरून आपली रोजची करमणूक चालायची. आता लिहितानासुद्धा कानात आहे.

“खल झाली, मास्तर.”

“खळ म्हण.”

“खल.”

“अरे, जीभ वर वळव. ळ. कमळ.”

“कमल.”

“बाळ.”

“बाल.”

“तुझं काही व्हायचं नाही, धर्मा.”

“आनि होऊन काय करवाचा हाय? हा जाडा ल आमच्या तोंडात मावत नाय. मासली मासलीच रव्हते ना? तिला कुठं समजतंय?”

मी हसायचो. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मला वाटायचं, मी तुला शिकवतोय. शुद्ध बोलायला शिकवणं हे चांगलंच काम, नाही का? मुलुंडला आमच्या चाळीत सगळे मला याच कामासाठी ओळखतात. कुणाची लग्नपत्रिका छापायची असली की आधी माझ्याकडे येते.

मग सूची आली. ‘नकाशा संग्रहाची वर्णनात्मक सूची’. सात वर्षं मी ती केली. प्रत्येक खण उघडून, प्रत्येक नकाशावरचं नाव, चिन्ह, रेघ पाहून. तू नकाशे काढून द्यायचास, परत ठेवायचास, भिंग पुसून द्यायचास. इंग्रजी अक्षरांतली गावांची नावं मी मराठीत आणली, जिथं मोजणीवाल्या साहेबाचा कान चुकला असेल तिथं दुरुस्त केली. ग्रंथपालसाहेबांनी प्रस्तावना दिली. तिच्यात एक वाक्य होतं: ‘प्रस्तुत सूची सर्वस्वी निर्दोष आहे.’ निर्दोष! त्या शब्दाखाली मी पेन्सिलीनं रेघ मारली होती. तू पाहिली असणार. तू सगळंच पाहायचास.

छापील प्रती गठ्ठ्यांनी आल्या. तू त्यांवर क्रमांकाच्या चिठ्ठ्या चिकटवत बसला होतास आणि मधेच एक प्रत उघडून वाचायला लागलास. एक-एक अक्षर लावत, ओठ हलवत. आपलं गाव शोधत होतास. साष्टीच्या दक्षिण टोकाचा तो जुना मोठा नकाशा, त्यात खाडीच्या काठाला तुझ्या पाड्याजवळ ठिपक्यांचे पाच चौकोन आहेत आणि शेजारी इंग्रजी अक्षरांत ‘खला’. मी सूचीत लिहिलं होतं: ‘खळी, म्हणजे मळणीची जागा.’

तू एकदम खो खो हसत सुटलास.

“मास्तर, खाडीच्या तोंडाशी मलनी कोन करतंय? चिंबोऱ्या?”

“काय झालं?”

“अवो, हा खला! आमचा खला! बोंबील सुकवतान, वाकट्या सुकवतान, तो. माझी बाय बसते तिथं कावले हाकलत.”

“खळं म्हणजे मळणीची जागा, धर्मा. कोशात आहे.”

“कोश लिवनारा कवा आलता आमच्या खल्यावर?”

मी कोश काढून दाखवला. तू मान डोलावलीस, बोट उचललंस आणि भिंतीला लावलेल्या त्या नकाशावर ठेवलंस. भरतीची रेघ कुठं, होड्या कुठं लागतात, चौकोन कुठं. तिथं भात कुठून येणार? सगळी खार जमीन. मला त्या क्षणी कळलं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, म्हणून नीट लिहितो: मला त्याच क्षणी, पुरतं कळलं. मोजणीवाल्या साहेबाचा कान चुकलाच नव्हता. शंभर वर्षांपूर्वी तुझ्या कुठल्या तरी आजोबानं ‘खला’ म्हटलं आणि त्यानं ते जसंच्या तसं लिहिलं. मी त्या आजोबाची जीभ दुरुस्त केली. तुझी करायचो तशी.

“बरं,” मी म्हणालो, “शुद्धिपत्र काढू.”

तुला शब्द नवा होता. मी सांगितलं, चूक राहिली की तेवढीच एक पट्टी छापून पुस्तकात चिकटवतात. तू इतका खूश झालास, की संध्याकाळपर्यंत चांगल्या कागदाच्या पट्ट्या कापून तयार, जितक्या प्रती तितक्या, सुतळीनं बांधून. “तुमी मजकूर द्या, मास्तर. खल हाय माझ्याकडं.”

मी मजकूर दिला नाही. आज देतो, उद्या देतो. साहेबांना कळवावं लागेल, साहेब म्हणतील निर्दोष म्हणून आम्ही सही केली आणि महिन्याभरात शुद्धिपत्र? तेही कुणाच्या सांगण्यावरून, तर खळ शिजवणाऱ्याच्या! हे मी मनात म्हटलं, धर्मा. नेमक्या याच शब्दांत. तू गेलास म्हणून आता ते गोड करून सांगणार नाही.

वर्षभरानं ते पत्र आलं. तूच टपाल आणून टेबलावर ठेवलंस आणि गेला नाहीस, उभा राहिलास. तेलाच्या टाक्यांसाठी खाडीकाठची जमीन घ्यायची होती, त्या कामाच्या एका सरकारी कचेरीचं पत्र. विचारलं होतं, आपल्या संग्रहातल्या जुन्या नकाशात या जागी मासेमारीच्या वहिवाटीची काही खूण आहे का? पाड्यातल्या लोकांनी तसं म्हटलं आहे.

“मीच सांगितला त्यांना,” तू म्हणालास. “पाड्याचे पंच बोलले, पुरावा काय? मी बोललो, आमच्या हापिसात नकाशा हाय, आनि आमचे मास्तर हायेत.”

आमचे मास्तर!

मी तीन दिवस उत्तर लिहिलं आणि फाडलं. खरं लिहायचं तर छापील सूचीच्या उलट लिहावं लागणार, पत्राची नक्कल साहेबांकडे जाणार. शेवटी लिहिलं: ‘आमच्या सूचीनुसार सदर जागी मळणीची खळी दर्शवलेली आहेत. मासेमारीसंबंधी नोंद आढळत नाही.’ स्वतःशी म्हटलं, सूचीनुसार म्हटलंय, खोटं काही नाही. मागाहून सविस्तर कळवू.

संध्याकाळी सायकलला टांग मारता मारता तू विचारलंस, “मास्तर, लिवलात ना?”

मी म्हणालो, “लिहिलं.”

तू हसून गेलास.

तारेचं कुंपण पडलं तेव्हा थंडीचे दिवस होते, म्हणजे ऐन सुकवणीचे. केवळ माझ्या पत्रामुळे पडलं असं नाही. तेलाला जागा हवी होती, आणि हवी असली की मिळते. मी खरं लिहिलं असतं तरी कदाचित पडलंच असतं. हे ‘कदाचित’ मी तीन वर्षं जिभेखाली धरून बसलो आहे. त्याची चव काही जात नाही. कारण तुझ्या पंचांना कचेरीत माझं पत्र दाखवलं गेलं. तुमचाच माणूस लिहितो आहे, पाहा.

दुसऱ्या दिवशी तू भरतीबिरती न पाहता दहाच्या ठोक्याला आलास. मी वाट पाहत होतो. ओरडशील, पातेलं आपटशील, नोकरीवर लाथ मारशील. तू पिशवी खुंटीला लावलीस आणि म्हणालास, “साहेब, आज कनचा नकाशा घेऊ?”

साहेब.

बस्स. एवढंच. पंधरापैकी बारा वर्षं मास्तर, शेवटची तीन साहेब. ‘खल झाली’ म्हणून सांगायचंसुद्धा बंद केलंस. मी एकदा मुद्दाम म्हटलं, “खळ म्हण, धर्मा.” तू माझ्याकडे पाहिलंस आणि अगदी स्वच्छ, जीभ वळवून म्हणालास, “खळ.” येत होतं तुला! इतकी वर्षं येत होतं आणि तू नुसता माझी गंमत करत होतास! तो एक ळ मला जेवढा लागला तेवढी कुणाची शिवी लागली नाही.

आणि ती दर सोमवारची पट्ट्यांची भानगड. सकाळी मी यायचो तर माझ्या टेबलावर, टाकाच्या शेजारी, सुतळी बांधलेला कोऱ्या पट्ट्यांचा गठ्ठा. मी तो उचलून खणात टाकायचो. पुढच्या सोमवारी पुन्हा टेबलावर. काय चीड यायची मला! तुझी, स्वतःची, साहेबांची, त्या कोशाची. एकदा मी फुटलोच.

“आता काय उपयोग त्याचा? तार लागली, टाक्या उभ्या राहिल्या. पट्टी चिकटवून खळं परत येणार आहे का तुमचं?”

“खला नाय येनार, साहेब. गेला तो.” तू मांजरपाट ताणत होतास, हात थांबले नाहीत. “पन पुस्तकात तरी चुकीचा कशाला रव्हावा? उद्या माझा नातू शिकल, हितं येऊन वाचल, तर बोलल, आपले लोक येडे व्हते, खाडीत भात झोडत बसायचे.”

मी म्हणालो, “बघू.” विद्यापीठाचा शब्द. विचाराधीन.

आणि अशा माणसासाठी तू काय केलंस? मागच्या आषाढात छत गळायला लागलं त्या रविवारी मी मुलुंडला आरामात वर्तमानपत्र वाचत होतो. तू माहुलहून होडीचं जुनं शीड सायकलला बांधून आणलंस, सगळी कपाटं झाकलीस, मोठे ॲटलास एकट्यानं उचलून जिन्याखाली नेलेस. जे आपण दोघं मिळूनसुद्धा ‘एक, दोन, तीन’ म्हटल्याशिवाय उचलत नव्हतो. सोमवारी मी आलो तर खोलीला सुक्या मासळीचा वास, एक कागद भिजलेला नाही, आणि टेबलावर गठ्ठा. मी आभार मानले का? मी म्हणालो, “वास फार येतोय, खिडक्या उघड.” तो शिडाचा वास अजून त्या कपाटांना आहे. जाऊ नये असं वाटतं.

परवा तुझ्या घरी गेलो. पाड्यात आता दोन घरांमधल्या बोळात दोऱ्या बांधून बोंबील घालतात, वाकून जावं लागतं, डोक्याला लागतात. पलीकडे टाक्या, पांढऱ्या, गोल. तुझी बायको हिराबाय ओट्यावर बसली होती. मला पाहून उठली, “या मास्तर” म्हणाली. मी तिथंच थबकलो. मास्तर?

“घरात ते तुमाला मास्तरच बोलायचे,” ती म्हणाली. “हापिसात राग व्हता त्यांचा. घरी नाय आनायचे.”

मी बसलो. पाणी दिलंन, प्यालो. टाक्यांकडे बघत राहिलो. मग तिनं पदरानं हात पुसले आणि साधं विचारलं. आरोप नाही, टोमणा नाही, आठवण करून द्यावी तसं.

“मास्तर, तो कागद लिवलात का? तापात बोलत व्हते. पट्ट्या कापून ठेवल्यात, मास्तर लिवतील, खल करवाची हाय.”

तापात तू हे बोलत होतास? दुसरं काही नव्हतं तुला बोलायला, धर्मा? होडी, पोरं, देव, काहीच नाही? माझ्या एका पट्टीवर तू तापातले श्वास घालवलेस, आणि मी मुलुंडला बसून ‘दोन दिवसांत बरा होईल’ म्हणत होतो. मी तिला ‘लिहिलं’ म्हणू शकलो नाही. तो शब्द मी एकदा वापरून बसलो होतो. मान खाली घालून उठलो. दोरीवरचा बोंबील कपाळाला लागला.

आज सकाळी लिहायला बसलो. आधी त्या कचेरीला पत्र: माझं अमुक तारखेचं उत्तर चुकीचं होतं, ती चूक अज्ञानानं झाली नाही, मला खरं माहीत होतं, नकाशावर दाखवलेली जागा मासळी सुकवण्याची आहे. उपयोग शून्य, ते फायलीत जाईल, मला माहीत आहे. एक नक्कल साहेबांना, एक तुझ्या पंचांना. साहेब आता माझं काय करायचं ते करोत. मोजलं जायचं होतं ना मला, मोजतील.

मग पट्ट्यांचा मजकूर. छापखान्यात दिला तर पुन्हा महिना जाईल, पुन्हा मंजुरी, पुन्हा विचाराधीन. म्हणून तुझी सुतळी सोडली आणि हातानंच लिहायला घेतलं, एकेक:

‘पृष्ठ एकेचाळीस, ओळ नववी. “खळी, म्हणजे मळणीची जागा” याऐवजी “खला, म्हणजे कोळ्यांची मासळी सुकवण्याची जागा” असे वाचावे. मूळ नकाशातील शब्द बरोबर आहे. चूक सूचिकाराची. दाखवून देणारा: धर्मा, नकाशा डागडुजी.’

‘खला’ लिहिताना पहिल्या पट्टीवर हात सवयीनं ळ काढायला गेला. ती पट्टी फाडली. नंतर जमलं. जाडा ल नाही, तुमचा.

खळ मात्र बिघडली. गाठी झाल्या, मोरचूद जास्त पडलं, बोटं निळी झाली आहेत. पहिली पट्टी तिरकी बसली. तू असतास तर ओली आहे तोवर नखानं उचलून सरळ केली असतीस, आणि मला बाजूला व्हा म्हणाला असतास. मी तशीच राहू दिली. ती प्रत वाळली की कागदात गुंडाळून हिराबायकडे घेऊन जाणार आहे, नातवासाठी. ती दारातच विचारील, लिवलात का. तेव्हा माझ्याजवळ तोच जुना शब्द आहे, दुसरा नाही.

लिहिलं.